३२० किलोमीटर खडीवर: कॅन्ससच्या शर्यतीची तयारी मुंबईत राहून कशी करू?

मुरूमवाट
१२ जानेवारी

नमस्कार मंडळी. अनबाउंड ग्रॅव्हलच्या सोडतीत माझं नाव लागलंय. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं लहानसं शहर आहे, तिथे मे संपता संपता किंवा जून लागता लागता ही सायकल शर्यत होते. मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे जवळपास ३२० किलोमीटर, आणि त्यातलं बहुतेक सगळं डांबर सोडून. खडी, माती, मधेच ओढे. चढ सगळे मिळून ३००० मीटरच्या आसपास. पहाटे सुटायचं, ठरलेल्या ठिकाणीच बाहेरची मदत घ्यायची, बाकी पंक्चर, चेन, रस्ता शोधणं ज्याचं त्याने बघायचं.

मी ४३ वर्षांची, मुलुंडला राहते, शाळेत गणित शिकवते. मेच्या सुट्टीमुळे रजेचा प्रश्न नाही. चार वर्षं बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करतेय. दोनदा एसआर (सुपर रँडोनर) झाले, म्हणजे २००, ३००, ४००, ६०० सगळं एका हंगामात. पण ते सगळं डांबरावर. खडीवर एका दमात ७० किलोमीटरच्या वर कधी गेले नाही.

तर मुंबईच्या जवळ असा सराव कुठे करता येईल? टायर, खाणं, उन्हाचं काय करावं? आणि मला सगळ्यात भीती चिखलाची वाटते. २०२३ ला तिथे सुरुवातीच्याच टप्प्यात असा चिखल लागला की लोक सायकली खांद्यावर घेऊन चालले, कित्येकांचे डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारे भाग, तुटले. तसा चिखल मी आयुष्यात बघितलेला नाही. अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

कसारा_पहाटे_पाच

अभिनंदन ताई! जमेल तुम्हाला. ६०० पूर्ण करणाऱ्या माणसाचं डोकं आधीच तयार असतं, फक्त हातापायांना खडी शिकवायची आहे.

तुटलेला_स्पोक

ताई, मनापासून अभिनंदन, पण एक हिशोब मांडतो. बीआरएमच्या ३०० ला आपल्याला २० तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५. डांबरावर ते सहज होतं. खडीवर तेवढ्याच ताकदीत ताशी चार-पाच किलोमीटर कमी पडतात, शिवाय मनगटं आणि मान आधी बोलायला लागतात. २०२४ ला पहिला आलेला ऑस्ट्रेलियाचा लॅकलन मॉर्टन सव्वानऊ तासांच्या आत पोचला होता. तुमच्या-माझ्यासारख्याला त्याच्या दुप्पट वेळ धरावा लागेल, म्हणजे शेवटचे तीन-चार तास अंधारात. तेव्हा सराव रात्रीच्या खडीचाही करा. दिव्याच्या उजेडात दगडाची उंची कळत नाही, सगळं सपाट दिसतं.

आणि तिथे १०० मैलांचीही शर्यत असते. पहिल्या वेळी तीच का नको?

हिशोबनीस

कुणाचा उत्साह मोडायचा नाही, पण विचारतोच. विमान, व्हिसा, प्रवेश फी, राहणं, गाडी भाड्याने, सायकलची पेटी, टायर. साडेचार लाखांच्या खाली हे बसत नाही. नुसती व्हिसाची फीच १८५ डॉलर. आपल्याकडे पुणे ते गोवा ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर आहे, घरून दोन तासांवर. परदेशात जाऊन धूळ खाण्यात नेमकं काय मिळतं, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

पहाटपाखरू

@हिशोबनीस, नाशिकचे महाजन डॉक्टर बंधू २०१५ ला दोघांच्या संघात अमेरिका आडवी पार करून आले. २०१७ ला नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तेच अंतर एकेकट्याने पुरं केलं, साधारण ४८०० किलोमीटर. तेव्हा आम्ही रात्ररात्र जागून नकाशावरचा ठिपका बघत होतो. त्यांनी पैशाचा विचार करून घरी बसायचं ठरवलं असतं तर आमच्यातल्या निम्म्यांनी सायकल घेतलीच नसती.

मोम्बासा_ते_माटुंगा

मी वेगळाच मुद्दा मांडतो. परदेशातली खडीच हवी असेल तर अमेरिकाच कशाला? केनियात मायग्रेशन ग्रॅव्हल रेस होते, जूनमध्ये, मसाई माराच्या परिसरात. चार दिवस, चार टप्पे, एकूण साधारण ६५० किलोमीटर. २०२१ पासून चालू आहे. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सहा तासांत पोचता, आणि २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगी पुरते. मुलाखतीच्या तारखेची वाट बघायला नको.

त्यामागे टीम अमानीचे लोक आहेत. पूर्व आफ्रिकेतल्या सायकलपटूंना युरोप-अमेरिकेत शर्यतीला जायला व्हिसा मिळेना, पैसे जमेनात, तर त्यांनी जगालाच आपल्या दारात बोलावलं. त्यांचा कप्तान सुले कांगान्गी २०२२ ला अमेरिकेतल्या एका ग्रॅव्हल शर्यतीत पडून गेला. फार मोठा माणूस होता. मला वाटतं, आपल्यासारख्या देशातल्या माणसाने एकदा तरी तिथे सायकल चालवावी.

मुरूमवाट
१४ जानेवारी

सगळ्यांचे आभार. हिशोबनीस यांनी विचारलं ते रास्त आहे, नीट उत्तर देते.

तीन वर्षांपूर्वी एका ४०० च्या राइडला पहाटे साडेतीनच्या सुमाराला माझ्या पुढे चालवणाऱ्या मैत्रिणीला ट्रकचा आरसा लागला. खांदा निखळला, बरगड्या मोडल्या. ती वाचली, पण पुन्हा सायकलवर बसली नाही. त्यानंतरही मी हायवेवर जातेच, कारण मुंबईहून लांब जायचं तर दुसरा रस्ता नाही. पण तेव्हापासून मागून उजेड आला की माझे खांदे आपोआप कानाला लागतात. गाडी निघून जाईपर्यंत मी श्वास सोडत नाही. रात्रभर हे किती वेळा होत असेल, मोजा.

एका मैत्रिणीने मला कॅन्ससच्या रस्त्यांचा एक लांबलचक व्हिडिओ दाखवला. दोन्ही बाजूंना गवत, मधे पांढरी खडीची वाट, आणि अर्धा तास एकही गाडी नाही. मी तो तीन वेळा पाहिला. मला एकदा पहाटेपासून रात्रीपर्यंत, ३२० किलोमीटर, मागे न ऐकता सायकल चालवायची आहे. पैसे चार वर्षं साठवलेत, शिकवण्या घेऊन.

१०० मैलांबद्दल: विचार केला होता. पण रात्र मला हवीच आहे. केनियाचं मनात नोंदवून ठेवलंय, मोम्बासादादा, अगदी खरं.

हिशोबनीस

ताई, माझा प्रश्न मागे घेतो. जा तुम्ही.

गवताळ

थोडं अवांतर, पण या धाग्यावर शोभेल. मी मिसुरीत राहते, माहेर गिरगावचं, आणि ही शर्यत ज्या टेकड्यांत होते त्या फ्लिंट हिल्समधून बऱ्याचदा गेलेय. २००६ ला ही शर्यत सुरू झाली तेव्हा अवघे ३४ जण होते. आता हजारोंनी येतात, म्हणूनच सोडत. आधी तिचं नाव डर्टी कान्झा होतं. कान्झा हे तिथल्या मूळ रहिवाशांचं, कॉ लोकांचं नाव, त्यावरूनच कॅन्सस. त्यांच्या नावापुढे 'डर्टी' लावणं बरोबर नाही, असं पुष्कळांनी म्हटल्यावर २०२० मध्ये नाव बदललं.

गवताची गोष्ट सांगते. तिथल्या चुनखडीत चकमकीचे गोळे ठासून भरलेत. शेतकऱ्यांचे नांगर त्याला लागले की फाळ मोडायचे, म्हणून ती जमीन नांगरलीच गेली नाही, गुरांना चरायला राहिली. अमेरिकेत एके काळी अफाट पसरलेल्या उंच गवताच्या कुरणांतलं आज चार टक्केही उरलेलं नाही, आणि जे उरलंय त्यातलं बहुतेक इथे आहे. वसंतात गवत मुद्दाम जाळतात, मग मेअखेर ते असं हिरवंगार होतं की डोळे निवतात. ताई, तुम्ही जाल तेव्हा ते कोवळंच असेल.

पाना_नंबर_आठ

गवताळताई, तीच चकमक टायर खाते! मी परळला सायकली दुरुस्त करतो, आमच्या एका गिऱ्हाइकाने तिथून आणलेला टायर माझ्याकडे ठेवलाय. आपली खडी काळ्या बसाल्टची, क्रशरमधून आलेली. टोकदार असते, पण वापराने कडा घासतात. चकमक फुटली की कपच्या निघतात आणि त्यांची धार पात्यासारखी असते. त्या टायरची बाजू चार बोटं सरळ चिरलेली आहे, ब्लेड फिरवल्यासारखी.

तर मुरूमवाटताई, ऐका:

टायर ४५ मिलिमीटर रुंदीचा घ्या, बाजूला जाड थर असलेला. दोनशे ग्रॅम वजन वाढलं तरी चालेल. ट्यूबलेसच. हवा तुमच्या वजनाला २८-३० पीएसआयच्या आसपास, त्यातही सराव करून स्वतः ठरवा. सीलंट, म्हणजे टायरमधलं भोकं बुजवणारं द्रव, मुंबईच्या उकाड्यात लवकर सुकतं, निघायच्या आठवड्यात नवं घाला, जुन्यावर विसंबू नका. प्लग, म्हणजे भोकात खुपसायच्या रबरी पट्ट्या, किमान सहा. टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा कापून ठेवा. तो नसला तर नोटेची घडीही चालते, दहाची नोट मी स्वतः लावून कल्याणपर्यंत आलोय. दोन ट्यूब. डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, तुमच्याच सायकलच्या मॉडेलचा, दुसरा कुठलाही बसत नाही. चेनची जोडकडी. हवा भरायची गॅसची काडतुसं विमानात न्यायच्या भानगडीत पडू नका, तिथे घ्या किंवा साधा हातपंप ठेवा.

आपल्याकडे दर दोन किलोमीटरला टायर टांगलेला पंक्चरवाला असतो आणि त्याच्यापाशी पाण्याचं घमेलं. ती सवय मोडा. एका रविवारी माझ्याकडे या, सगळं स्वतःच्या हाताने काढून लावून दाखवा, मगच मी सोडेन.

कसारा_पहाटे_पाच

सरावाच्या जागा सांगतो.

शनिवारची छोटी फेरी: मार्वेहून सायकलसकट होडीत बसून मनोरी, मग गोराई-उत्तन. आतल्या वाटांना वाळू लागते, तोल शिकायला चांगली. येऊर आणि आरे मधल्या वारी.

लांबचं: ठाण्याहून पहाटेची आसनगाव लोकल धरा, शहापूर, डोळखांब. गावांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटा आहेत, कालव्याकडेने जाणाऱ्याही आहेत. मुरबाडहून टोकावड्याकडे निघून डावी-उजवी आत शिरलं की माळशेजच्या पायथ्याला दिवसभर पुरतील एवढ्या. दम असेल तर विहिगाव-खोडाळा-मोखाडा. तिथला लाल मुरूम फेब्रुवारीत बॉल बेअरिंगवर चालल्यासारखा सरकतो.

कॅन्ससला एकही कसारा घाट नाही, पण छोटे छोटे चढ संपत नाहीत. त्यासाठी मोखाडाच.

दादर_टीटी

लोकलमध्ये सायकल? गार्ड उतरवत नाही?

कसारा_पहाटे_पाच

मालडब्यात न्यायची, रविवारी पहाटे, सामानाचं तिकीट काढून. पुढचं चाक काढलेलं बरं. मासेवाल्या मावशींच्या पाट्यांना धक्का लागू द्यायचा नाही, हा एकच नियम. मला तर त्या जागा धरून ठेवतात आता.

दादर_टीटी

गेल्या वर्षी मला एका स्टेशनावर परत पाठवलं होतं, तिकीट असूनही.

पहाटपाखरू

यावर वेगळा धागा काढा, नाहीतर ताईंचं राहील बाजूला.

बार्शीचा_गडी

चिखलाचं कुणीच बोलेना म्हणून लिहितो. मी डोंबिवलीत राहतो, मूळ बार्शीचा. कॅन्ससच्या त्या चिखलाचे फोटो पाहिले आणि हसूच आलं, कारण ती आमची काळी माती. तिथले लोक त्याला पीनट बटर म्हणतात. आमच्याकडे पहिल्या पावसात बैलगाडीचं चाक असंच भरतं. कोकणातला चिखल पातळ असतो, पाय रुततो, पण निघतो. काळी माती निघत नाही. एका पावलाला एक थर, दहा पावलांत चप्पल दोन किलोची.

यातून चालवत जायचं नाही, हे पहिलं. "थोडंसंच आहे, रेटू" म्हणालात की माती चाक आणि फ्रेमच्या मधे भरते, चेन ओढली जाते आणि डिरेलर मोडतो. टायरला पहिली पट्टी चिकटलेली दिसली की लगेच उतरायचं. ढकलायचंही नाही, उचलायचं. वाटेच्या मधून नाही, कडेच्या गवतावरून चालायचं. आमचे वडील बांधावरूनच चालायचे, गाडीवाटेने कधी नाही. आणि हाताशी लाकडाचं काहीतरी चपटं पाहिजे. वडील नांगराची माती खरवडायला काठी ठेवत. लोखंडाने फ्रेमला ओरखडे येतील. माती ओली आहे तोवरच काढायची, वाळली की विटेसारखी होते.

ताई, तुम्हाला बघायचीच असेल तर या आमच्या गावी. पाऊस नसला तरी पाटाचं पाणी सोडून गाडीवाट भिजवता येईल. भाऊ असतो तिकडे.

तुटलेला_स्पोक

या उत्तराला या धाग्यातलं सगळ्यात वरचं स्थान द्या कुणीतरी.

शेंगदाणा_चिक्की

खाण्याबद्दल. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि पोटालाही ते शिकवावं लागतं. पहिल्याच दिवशी ९० घेतलेत तर उलटी होईल. दोन महिने हळूहळू वाढवा. मी लांबच्या राइडला उकडलेला बटाटा मीठ लावून, राजगिऱ्याचा लाडू, कोकमाचं साखर-मीठ घातलेलं पाणी आणि दोन-तीन जेल असं ठेवते. चिक्की मात्र लांब नेऊ नका, नाव माझं असलं तरी! आठ तासांनंतर तोंड कोरडं पडतं आणि चिक्कीचा तुकडा टाळूला लागतो. तिळाची मऊ वडी बरी.

अमेरिकेत उतरताना खाण्याच्या वस्तू फॉर्मवर जाहीर करायच्या. ताजी फळं नाहीत, मांसाचं काही नाही. लाडू-वडीला मला कधी अडवलं नाही.

हिशोबनीस

मीही एक कामाचं सांगतो. मुंबईहून निघताना विमानतळावर कस्टमकडून सायकलचं निर्यात प्रमाणपत्र घ्या. फ्रेमचा नंबर, बिल, फोटो जवळ ठेवा. परत येताना महागडी सायकल नवीन आणली असं समजून ड्युटी लावायचा वाद होत नाही. त्यासाठी तासभर लवकर जा, आणि सायकलची पेटी चेक-इन करायच्या आधी दाखवा, नंतर ती तुमच्या हातात नसते. माझ्या भाच्याने हे केलं नव्हतं आणि पहाटे तीनला दीड तास उभा होता.

आणि तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. शर्यतीच्या आदल्या दिवशी पोचू नका. पाच दिवस तरी आधी.

मुरूमवाट
१८ मार्च

दोन महिन्यांचा अहवाल देते. डोळखांबला सहा रविवार, मोखाड्याला दोनदा. सगळ्यात लांब १८५ किलोमीटर, त्यातले १२० कच्चे. पाना_नंबर_आठ यांनी तीन रविवार घासून घेतलं, आता मी सात मिनिटांत प्लग लावून हवा भरते.

पण सांगायचंय ते बार्शीचं. सिद्धेश्वर एक्सप्रेसने कुर्डुवाडीला उतरले, पुढे गडींचे भाऊ टेम्पो घेऊन आले. त्यांनी आदल्या संध्याकाळी शंभरेक पावलांची गाडीवाट पाटाच्या पाण्याने भिजवून ठेवली होती. मी म्हटलं, आधी चालवूनच बघते, काय होतं ते कळू दे. चाळीस पावलं गेले असेन. पुढच्या चाकातून आधी एक फर्रफर्र असा आवाज आला, मग चाक फिरायचं बंद. पडले नाही, नुसती थांबले, जागच्या जागी. साडेनऊ किलोची सायकल उचलायला गेले तर उचलवेना. फोर्कच्या आत माती अशी दाबून बसली होती की मधे करंगळी जात नव्हती.

खरवडायला मी शाळेतली लाकडी मोजपट्टी नेली होती, एक फुटाची. तीच पाठीच्या खिशात बसते. भाऊ म्हणाले, "बाई, कडेपासून काढा, मधून नाही." मधून खुपसलं की माती नुसती दबते. कडेने टायरला लागून सरकवली की अख्खी पट्टी वडीसारखी सुटून येते. दुपारपर्यंत तेच केलं. चालव, थांब, उतर, उचल, खरवड. शेवटी कळायला लागलं की फर्रफर्र व्हायच्या आधी एक क्षण टायरचा आवाजच मऊ होतो. तिथेच उतरायचं.

वहिनींनी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर दही दिलं. त्या घराचे उपकार मी विसरणार नाही.

बार्शीचा_गडी

भाऊ सगळ्या गावाला सांगत सुटलाय, मुंबईच्या बाई चिखलात शिकायला आल्या होत्या. या कधीही.

पहाटपाखरू

ती मोजपट्टी जपून ठेवा ताई.

तुटलेला_स्पोक

एप्रिल-मेच्या सरावाचं सांगतो. मुंबईचा उकाडा हा तुमचा फायदा आहे, त्याला शिव्या देऊ नका. दुपारी अडीच-तीनला दीड तास पाम बीच रोडवर समोरच्या खाऱ्या वाऱ्यात चालवा. कॅन्ससला दक्षिणेचा वारा दिवसभर तोंडावर असतो आणि आडोसा कुठेच नाही. घामट उन्हात दोन-तीन आठवडे रोज राहिलं की शरीर लवकर घाम काढायला शिकतं. पण एकट्याने नाही, आणि चक्कर वाटली की लगेच बंद.

मुरूमवाट
१९ जून

मंडळी, शाळा सुरू झाली आणि सगळ्यांनी विचारून विचारून सोडलं, म्हणून आज लिहायला बसले.

पूर्ण झाली. सुटलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं, पोचले रात्री बारा सत्तेचाळीसला.

पहिले पन्नास किलोमीटर गर्दी आणि धूळ, पुढच्याचं चाक दिसत नव्हतं. मध्यावर कुठेतरी सखल भागात अर्ध्या किलोमीटरचा ओला पट्टा लागला. टायरचा आवाज मऊ झाला आणि मी उतरले, मागच्याने चकित होऊन पाहिलं. गवतावरून उचलून चालत गेले. पुढे सात-आठ जण बसून बोटांनी माती काढत होते. माझं दोन मिनिटांत झालं, मग मोजपट्टी एका टेनेसीच्या आजोबांना दिली. ते सगळ्यांची चाकं मोकळी करेपर्यंत मी थांबले. पंधरा मिनिटं गेली. जाऊ दे.

दुपार कठीण होती. चौतीस डिग्री, समोरून वारा, एकामागून एक चढ. दुसऱ्या थांब्यावर तिळाची वडी घशाखाली उतरेना, बटाट्यावर निभावलं. तिथे मागच्या टायरला बाजूने काप दिसला, केसाएवढा, सीलंट बाहेर येऊन सुकलेलं. वरून प्लग मारून ठेवला, तो शेवटपर्यंत टिकला.

पावणेनऊला सूर्य गेला. त्यानंतरचे चार तास मला सांगता येतील की नाही माहीत नाही. गवत काळं झालं, आकाश बराच वेळ निळं राहिलं. दोन्ही बाजूंना काजवे, म्हणजे खरोखर गुडघ्याएवढ्या उंचीवर, दूरपर्यंत. अकराच्या सुमाराला मी एकटीच होते. मागून उजेड आला. खांदे कानाला लागले, श्वास अडकला, सवयीने. उजेड हळूहळू जवळ आला, बाजूने आला, आणि एक मुलगी म्हणाली, "छान चालवतेस, थोडंच राहिलंय." ती पुढे गेली. तिचा लाल दिवा मला खूप वेळ दिसत होता.

त्यानंतर आणखी तीन उजेड आले. तिसऱ्याला माझे खांदे जागचे हलले नाहीत. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

शहरात शिरताना रात्रीचा पाऊण वाजून गेलेला, तरी रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक उभे होते, घंटा वाजवत.

गवताळ

त्यांतली एक घंटा माझी होती. तीन तास गाडी चालवून आले होते. तुम्ही आलात तेव्हा हाक मारली, पण आवाजच फुटेना.

मुरूमवाट

गवताळ! "मुलुंड!" म्हणून कुणीतरी ओरडलं, ते तुम्ही होतात? मला वाटलं, भास झाला.

पाना_नंबर_आठ

तो टायर आणा दुकानात, जुन्याशेजारी टांगतो.

हिशोबनीस

कस्टमचा कागद चालला का?

मुरूमवाट

चालला. दोन मिनिटांत सोडलं. तुमचे खास आभार.

मोम्बासा_ते_माटुंगा

आता केनियाचं बोला. मीही येतो बरोबर, वय ५८ असलं तरी.

दादर_टीटी

एक राहिलंच. मी ३० किलोमीटरच्या वर कधी गेलो नाही, पण हा धागा वाचून गेल्या महिन्यात नवी सायकल घेतली. खडीची सुरुवात कुठून करू? आणि त्या मोजपट्टीचं काय झालं?

मुरूमवाट

मोजपट्टी आजोबांनी शेवटच्या रेषेपाशी परत आणून दिली, माझ्या नंतर तासाभराने आले ते. एक ते चार सेंटिमीटरचे आकडे घासून गेलेत. पाचपासून मोजते आता, सातवीच्या वर्गात तीच वापरतेय.

सुरुवात डोळखांबपासून करा. पण लवकर या, कालव्यापुढच्या माझ्या आवडत्या वाटेवर काँक्रीटसाठी खडीचे ढीग पडलेत. पाऊस उघडला की काम सुरू होईल, असं गावातले म्हणाले. या रविवारी ठाण्याहून पहाटेची आसनगाव, मालडबा. दोन बाटल्या पाणी, एक ट्यूब आणि चपटं लाकडाचं काहीतरी आणा. कसारादादा, मावशींना सांगाल का, तीन सायकली आहेत म्हणून?

कसारा_पहाटे_पाच

सांगतो. चार म्हणतो, माझी धरून.